डाव्या गालाचा दावा

साडूंच्या नव्या गाडीचं दार बंद झालं आणि माझा डावा गाल उडाला.

दार बंद झाल्याचा आवाज मी नीट ऐकला होता. ते आपटलं नव्हतं. जाड गादीवर कुणी हलकेच उशी टाकावी तसं ते मिटलं होतं. आमच्या घरात कपाटापासून फ्रिजपर्यंत एकही दार असं मिटत नाही. प्रत्येकाला गुडघा, खांदा किंवा शिवी यांपैकी काहीतरी लागतं.

"अहो, ऐकलंत?" बायको म्हणाली. "किती हळुवार!"

"दार बंद झाल्याशी कारण," मी म्हणालो. "वस्तूंत काय आहे?"

हे वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत डोळ्याखालचं मांस, कुणी आतून टिचक्या माराव्यात तसं, थडथडू लागलं. मी रुमाल काढून घाम पुसल्याचं नाटक केलं. साडू म्हणाले, "दादा, एसी वाढवू का?" एसी गाडीत होता, आम्ही रस्त्यावर उभे होतो, तरी उघड्या काचेतून हात घालून त्यांनी तो वाढवल्यावर गार वारा आमच्यापर्यंत आला. गाल आणखी जोरात उडाला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. सासरी माझी ख्याती समाधानी माणूस अशी आहे. ही मी कष्टाने मिळवलेली नाही. साडूंना बढत्या मिळत गेल्या, मला मिळत गेल्या नाहीत आणि मी त्यावर काही बोललो नाही, एवढ्यातून ती आपोआप तयार झाली. साडू नवीन काही घेतात, माझी मेहुणी ते सगळ्यांना फिरवून दाखवते, आणि सगळं पाहून झालं की सासूबाई माझ्याकडे हात करून म्हणतात, "समाधान शिकावं तर आमच्या थोरल्या जावईबापूंकडून." साडूंकडे गच्चीवाला फ्लॅट आहे, पोहण्याच्या तलावाचं सभासदत्व आहे, आता गाडीही आली. माझ्याकडे हे एक वाक्य आहे. तेही गेलं तर सासरच्या बैठकीत मी बसायचं कशाच्या जोरावर?

आणि वस्तुस्थिती अशी की मी साडूंवर जळतो. अधूनमधून नव्हे, नियमितपणे. हे कुणाला कळू नये, विशेषतः बायकोला, एवढीच माझी आयुष्याकडून माफक अपेक्षा होती. गालाने त्या अपेक्षेवरच घाला घातला.

अर्थात त्या वेळी मला हा संबंध मान्य नव्हता. मी चहाला दोष दिला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच केलं. टॉर्च मारून त्यांनी गाल पाहिला. गाल अर्थातच शहाण्यासारखा गप्प होता.

"झोप कमी, चहा जास्त, संगणकासमोर डोळे ताणणं, नाहीतर मनावरचा ताण," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक वेळा आपोआप थांबतं. ताण आहे का कसला?"

"छे," मी म्हणालो.

"हे अगदी समाधानी आहेत हो," बायकोने दुजोरा दिला.

ताण बाद झाल्यामुळे डॉक्टरांनी चहा बंद केला. त्याने गाल थांबला नाही, डोकं मात्र दुखू लागलं. रात्री लवकर झोपा म्हणाले, तर मी लवकर आडवा झालो आणि छताकडे बघत गच्ची असलेल्या घरांत छत कुणाच्या मालकीचं असतं याचा विचार करत राहिलो.

बातमी इमारतीत पसरली. समोरच्या काकूंनी केळी आणून दिली. अंगात कसलीतरी खनिजं कमी पडली की नसा उडतात, असं त्या म्हणाल्या. कुठली खनिजं हे त्यांना आठवेना, पण ती केळ्यात असतात याची खात्री होती. शिवाय गरम पाण्यात टॉवेल पिळून गालावर ठेवायचा. मी ठेवला. गाल लाल झाला आणि आता तो लाल होऊन उडू लागला. म्हणजे पूर्वी जो जवळून दिसत होता, तो लांबून दिसायला लागला.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वेगळ्या मताचे निघाले. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेला माणूस. त्यांनी गालाकडे मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

"तुम्ही त्याचे लाड करताय," ते म्हणाले. "केळी काय, टॉवेल काय! रिकामा बसतो म्हणून खोड्या करतो. काम द्या त्याला. फुगे फुगवा."

मी बाल्कनीत बसून फुगे फुगवले. खाली मुलं जमली. पहिल्यांदा ती नुसती बघत होती, मग रंग सांगू लागली. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

"कार्यक्रम आहे म्हणे तुमच्याकडे. हॉलची परवानगी घेतलीत का?"

"कार्यक्रम नाही. गाल आहे."

"काही असो. पन्नास माणसांवर गेलं तर अर्ज लागतो."

इथवर प्रकरण घरगुती होतं. ते सरकारी वळणाला लागलं आमच्या ऑफिसात.

मी एका विमा कंपनीत आरोग्याचे दावे तपासतो. लोकांच्या आजारांवर सहजासहजी विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो आणि हे काम मी चोख करतो. त्याच सुमारास ऑफिसात चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसलं. पूर्वी आम्ही सही करत असू, नंतर बोट टेकवू लागलो, आता समोर उभं राहून तोंड दाखवायचं. यंत्र चांगलं होतं. वाईट एवढंच की ते साडूंच्या कंपनीने पुरवलं होतं, आणि काचेच्या वरच्या बाजूला 'अडचण आल्यास संपर्क करा' असं लिहून साडूंचा फोन नंबर आणि हसरा फोटो चिकटवलेला होता.

पहिल्या दिवशी मी समोर उभा राहिलो. वर साडू हसत होते. गाल उडाला.

"चेहरा जुळत नाही," यंत्र एका गोड बाईच्या आवाजात म्हणालं. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मी पुन्हा प्रयत्न केला. साडू पुन्हा हसले. मागे रांग लागली. शेवटी मला बाजूला करून टपाल विभागातला एक पेंगुळलेला इसम पुढे झाला. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, केस उशीच्या आकाराचे, तरी यंत्र त्याला "सुप्रभात" म्हणालं. मला त्याचाही हेवा वाटला, हे मी वेगळं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पारदर्शक चिकटपट्टीने गाल दाबून गेलो. यंत्र म्हणालं, "चेहऱ्यावरील आवरण काढा." मी काढलं. चिकटपट्टीबरोबर डाव्या बाजूची मिशीही बरीचशी निघाली. आता यंत्राला गाल आणि मिशी अशा दोन शंका आल्या. उजवी मिशी मी घरी येऊन काढून टाकली. त्यानंतर तर यंत्राने मला पाहुणा ठरवलं आणि स्वागतकक्षाकडे जायला सांगितलं.

माझी गैरहजेरी लागत होती. मी खुर्चीत बसून काम करत होतो आणि कागदोपत्री घरी होतो. प्रशासनाच्या बाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर कधीही काही नसतं, त्यामुळे समोर उभ्या माणसालाच त्या फायलीसारखं वाचतात.

"बाई, यंत्र चुकतंय."

"यंत्राला प्रमाणपत्र आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्याला आहे का?"

"माझा चेहरा या ऑफिसात माझ्या नोकरीइतकाच जुना आहे."

"म्हणूनच विचारते."

त्यांनी पुरवठादाराच्या प्रतिनिधीला बोलावलं. साडू आले. आपल्या ऑफिसात आपल्या साडूंना सगळे उठून खुर्ची देताहेत हे पाहणं प्रकृतीला चांगलं नसतं. त्यांनी यंत्र उघडलं, पुसलं, बंद केलं. (तेसुद्धा गादीवर उशी पडल्यासारखं बंद झालं.) मग मला समोर उभं केलं, आणि खुद्द साडू बाजूला व त्यांचा फोटो वर अशी दुहेरी व्यवस्था झाल्यावर माझा गाल असा काही उडाला की यंत्राने प्रयत्नच सोडला आणि पडदा काळा केला.

"दादा, यंत्रात दोष नाही हो," साडू हळू आवाजात म्हणाले. "तब्येतीला जपा. तुमच्यासारख्या समाधानी माणसाला हे काय मध्येच?"

त्या दुपारी मी एखाद्या परक्या माणसाचा दावा तपासावा तसा माझा गाल तपासला. दाव्यात आम्ही दोनच गोष्टी पाहतो: घटना केव्हा घडली, आणि त्या वेळी जवळपास कोण होतं. गाडीचं दार: साडू. एसी: साडू. यंत्र: साडूंचा फोटो. मध्ये एकदा जेवताना उडाला होता तो मेहुणीचा फोन आला तेव्हा. विषय पोहण्याचा तलाव. चहा एकाही घटनेच्या ठिकाणी हजर नव्हता. बिचाऱ्याला मी विनाकारण बंद केलं होतं. मी लगेच एक कप मागवला आणि तो पिताना माझ्या ध्यानात आलं: जे मी इतकी वर्षं तोंडातून निघू दिलं नव्हतं, ते आता तोंडावरून वाचता येत होतं.

बाईंचा निर्णय आला: कंपनीच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून दाखला आणा की गाल आपोआप उडतो आणि तरीही चेहरा तुमचाच आहे, मग तुम्हाला सहीची मुभा देऊ. महिनाअखेरीच्या आत आणा, नाहीतर सगळी गैरहजेरी रजेत धरली जाईल.

मान्यताप्राप्त डॉक्टर मला ओळखत होते. त्यांचे दाखले मी अनेकदा परत पाठवले आहेत. त्यावर माझा ठरलेला शेरा असतो, 'आजार डॉक्टरांनी स्वतः पाहिल्याचा उल्लेख नाही', आणि तो पुढे कंपनीचा नियमच झाला. नियमाचा मसुदा माझाच. फार नेमका उतरला आहे.

"या, या!" मला पाहून डॉक्टर खुशीत आले. "गाल ना? उडवा."

"तो आपोआप उडतो, डॉक्टर."

"मग बसा. मला स्वतः पाहिला पाहिजे. नियम आहे बुवा."

मी बसून राहिलो. गाल दगडासारखा. बाहेरच्या रुग्णांनी दोनदा दार वाजवलं. डॉक्टर म्हणाले, "उडेल तेव्हा या. येताना तो उडताना पाहिलेलं घरचं माणूस घेऊन या." म्हणजे बायको. म्हणजे जिच्यापासून लपवायचं, तिलाच साक्षीदार करून आणायचं.

तिने कामात आणखी भर घातली. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तिने साडूंना गाडी घेऊन बोलावलं. "भाऊजी नाही म्हणत नाहीत," ती म्हणाली. गालाने मान डोलावल्यासारखं केलं.

दवाखान्यात साडू बाहेर थांबतील अशी माझी समजूत होती. ते आत आले आणि बसलेसुद्धा. डॉक्टरांनी खुर्ची ओढली. गाल पुन्हा दगड. मी डोळे ताणले, जांभई दिली, चहा प्यायलो. काही नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहू लागले.

तेव्हा बायकोने एक सुस्कारा सोडला, मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "थांबा. मी उडवते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती साडूंकडे वळली होती.

"भाऊजी, तुमची गाडी मात्र काय सुंदर चालते हो. आत बसलं की रस्ता आहे असं वाटतच नाही."

थड. थड. थड.

"अरे वा!" डॉक्टर पुढे सरकले. "जरा थांबा, चष्मा. हं, पुन्हा एकदा."

"आणि गच्चीवर झोपाळा लावलात तो! असं टापटिपीचं घर मी कुणाचं पाहिलं नाही."

थडथडथड.

"सावकाश घ्या, मला लिहू द्या," डॉक्टर म्हणाले. "हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

"गाडीच्या दाराच्या वेळी," बायको शांतपणे म्हणाली. "खरं म्हणजे त्याच्याही आधी. गाल तेव्हा उडत नव्हता इतकंच."

माणसाला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं म्हणतात. मला ते अपुरं वाटलं. वरून फरशीही नीट बसवून घ्यावी असं वाटलं. साडू गुडघ्यावर हात ठेवून नम्रपणे खाली पाहत होते, कौतुक ऐकताना पाहावं तसं. इतक्या वर्षांत जपलेलं माझं ते एक वाक्य डॉक्टरांच्या टेबलावर, रक्तदाबाच्या यंत्राशेजारी, गतप्राण पडलं होतं.

"आता उलट बाजू तपासू," डॉक्टर म्हणाले. त्यांना गोडी लागली होती. "दुसऱ्या कुणाबद्दल चांगलं बोला. यांच्याबद्दल बोला."

"यांच्याबद्दल?" बायकोने थोडा विचार केला. तो थोडा जास्तच वेळ चालला. "यांचं एक आहे, डॉक्टर. जळतील, धुमसतील, पण घरात कधी हे आण, ते आण नाही. जुनं ते दुरुस्त करून वापरतील. मला कधी कशाला कमी आहे असं वाटू दिलं नाही. आमची आई म्हणते तेच खरं. समाधान शिकावं तर..."

"थांबा!" डॉक्टर ओरडले. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते.

साडूंची उजवी पापणी उडत होती. नुसती पापणी नव्हे. पापणी, तिच्याखालचा गाल आणि ओठाचा कोपरा, तिन्ही एका ठेक्यात.

डॉक्टरांनी मला उठवून त्या खुर्चीत साडूंना बसवलं. टॉर्च आला, भिंग आलं. शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "काय सुरेख आहे!" त्या म्हणाल्या. "इतकं स्पष्ट क्वचित बघायला मिळतं."

आणि मी? क्षणभर मी इतका सुखात होतो की सांगता येत नाही. साडू माझ्यावर जळत होते! गच्ची, तलाव, गाडी असलेला माणूस माझ्यावर! डावा गाल लोण्यासारखा मऊ पडला. पण डॉक्टरीणबाई फोनवर साडूंच्या पापणीचं चित्रण करू लागल्या, आणखी कुणालातरी बोलवायला सांगू लागल्या, आणि माझ्या मनात आलं: केळी मी खाल्ली, फुगे मी फुगवले, मिशी माझी गेली. महिनाभर राबून मी जो गाल उडवत होतो तो 'चहा कमी करा' या लायकीचा. आणि हा माणूस एका वाक्यावर उडवतो तो 'सुरेख'!

थडथडथडथड.

"हा बघा, यांचाही उडाला," डॉक्टर मान न वळवता म्हणाले आणि एका हाताने माझ्या दाखल्यावर सही केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'ताण, कौटुंबिक' लिहिलं. चेहरा माझाच असल्याचंही लिहिलं, पण त्यात काही उत्साह दिसला नाही.

परतताना मी साडूंच्या शेजारी पुढे बसलो, बायको मागे. दारं हळुवार मिटली.

"दादा," साडू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "गाडी मी घेतली. शाबासकी कुणाला मिळाली?"

मी सीटबेल्ट नीट केला.

"गच्चीवाला फ्लॅट घेतला, वाटलं आता तरी आई दोन शब्द बोलतील. त्या काय म्हणाल्या माहितीये? 'थोरल्यांना बघा, त्यांना एक खिडकी पुरते.' हप्ते मी भरायचे आणि कौतुक तुमच्या खिडकीचं. घेत गेलो, घेत गेलो... दर वेळी तुमचंच समाधान वाढतंय."

"मला ते नको होतं हो," मी म्हणालो. "मला गच्ची चालली असती."

साडू हसू लागले. मीही हसलो. मागून बायको म्हणाली, "झालं? आता दोघं शहाण्यासारखे वागणार ना?" दोघांचेही चेहरे शांत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला साडू हा माणूस आवडला.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. सासूबाई होत्या. गाडी त्यांच्या आवाजाने भरून गेली.

"तिघंही गाडीत आहात म्हणे, ऐका. धाकटीचं ठरलं!" धाकटी म्हणजे बायकोची सगळ्यात लहान बहीण, लग्नाचा विषय काढला की आजवर ती फोन ठेवून द्यायची. "तिनेच पसंत केला. आत्ताच येऊन गेला. काय मुलगा आहे! स्वतःचा कारखाना आहे, बंगला आहे, आणि आला सायकलवरून. मी म्हटलं, गाडी नाही का? तर म्हणाला, दोन आहेत, पण लागत नाहीत. मला काही कमी नाही म्हणाला. इतका समाधानी माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

'जन्मात' या शब्दावर साडूंनी ब्रेक दाबला. सिग्नल हिरवा होता.

"ऐकताय ना दोघेही जावईबापू? कसे गप्प?"

"ऐकतोय, आई," आम्ही एकदम म्हणालो. माझा डावा गाल आणि साडूंची उजवी पापणी. दोघांचं मिळून एक अख्खं तोंड उडत होतं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

बायको दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साडूंकडे, आणि स्पीकरच्या दिशेने म्हणाली, "हो आई, ऐकताहेत. दोघांना फार आनंद झालाय. अगदी चेहऱ्यावर दिसतोय."